पान आणि फुप्फुस : प्रस्तावना

ज्वारीचे पेव उघडले की त्यात लगेच कोणी उतरत नसे. सोलापूर आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांत ज्वारी जमिनीखालच्या खोल पेवात भरायची, तोंड बंद करून वरून माती लिंपायची आणि गरज पडेल तेव्हा उघडायची, अशी रीत होती. उघडल्यावर पेवाला आधी वारा लागू देत. मग दोरीला बांधून पेटता कंदील आत सोडत. तो जळत राहिला तर माणूस उतरे. विझला तर आणखी थांबत. पेवातली हवा माणसाला पुरत नाही हे गावाला ठाऊक होते आणि ते तपासण्याचे साधनही गावाकडे होते.

ही हवा खर्च कोणी केली? पेवात उजेड नाही, हिरवे पान नाही, फुप्फुस असलेला प्राणी नाही. आहे ती ज्वारी. पण ज्वारीचा दाणा म्हणजे जिवंत बी. त्याच्या आतला अंकुर पावसाची वाट पाहत अगदी संथपणे जगत असतो आणि जगण्यासाठी आजूबाजूचा ऑक्सिजन वापरून कार्बन डायऑक्साइड सोडत असतो. दाण्यांतले किडे आणि बुरशी यांचाही त्याला हातभार लागतो. मोकळ्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत तग धरत नाही. पेवातला ऑक्सिजन त्याच्याही खाली गेला की किडे मरतात, म्हणूनच धान्य टिकते. दाणा ओलसर राहिला तर त्याचे श्वसन वाढते, ढिगात उष्णता साठते आणि धान्य खराब होते. म्हणून पेव भरण्याआधी ज्वारी कडकडीत वाळवत. ज्वारीचा दाणा श्वसन करतो आणि पेशीच्या पातळीवर आपण करतो तेच करतो. हे पुस्तक त्याविषयी आहे.

शाळेत आपण सर्वांनी एक तक्ता पाठ केलेला असतो. प्राणी ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. तक्त्याचा पहिला रकाना बरोबर आहे. दुसऱ्यात मात्र दोन वेगळ्या क्रियांपैकी एकच लिहिली आहे आणि जी गाळली आहे तिच्यावाचून वनस्पती जगू शकत नाही. प्रकाशसंश्लेषण ही अन्न तयार करण्याची क्रिया; ती हिरव्या भागांत आणि उजेडातच चालते. श्वसन ही त्या अन्नातून ऊर्जा मोकळी करण्याची क्रिया. ती मुळात, खोडात, फुलात, फळात, बियाण्यात आणि पानातसुद्धा रात्रंदिवस चालू असते. श्वसनाच्या बाबतीत वनस्पती आपल्या उलट नाहीत, आपल्यासारख्याच आहेत. वेगळी आहे ती वायू पेशीपर्यंत नेण्याची व्यवस्था. ती वेगळी का झाली हे एकदा समजले की पान, मूळ, फुप्फुस आणि रक्त या चार गोष्टी एकाच प्रश्नाची उत्तरे म्हणून वाचता येतात.

वनस्पती आणि प्राणी हवेचे नेमके काय करतात, हा प्रश्न माणसाला नीट मांडता आला तो अठराव्या शतकात. इंग्लंडमधल्या लीड्स शहरात धर्मोपदेशक असलेल्या जोसेफ प्रिस्टलीने १७ ऑगस्ट १७७१ रोजी, मेणबत्ती जळून विझलेल्या बंद हवेत पुदिन्याची एक फांदी ठेवली. २७ ऑगस्टला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती व्यवस्थित जळली. ज्या हवेत उंदीर गुदमरे ती हवाही रोपट्यामुळे सुधारते, हे त्याने दाखवले. पण प्रयोग दर वेळी साधत नव्हता. कधी रोपटे हवा सुधारी, कधी बिघडवी, आणि असे का होते हे कोणालाच सांगता येत नव्हते.

उत्तर मिळाले १७७९ च्या उन्हाळ्यात. यान इंगेनहाउस या डच वैद्याने लंडनजवळ राहून काही महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग केले आणि त्याच वर्षी पुस्तक प्रसिद्ध केले. हवा सुधारते ती उन्हातच, आणि वनस्पतीचे हिरवे भागच ती सुधारतात. मुळे, फुले आणि फळे हवा बिघडवतात; अंधारात पानेही तेच करतात. इंगेनहाउसच्या शोधाचा पहिला अर्धा भाग पुढे पाठ्यपुस्तकांत गेला. दुसऱ्या अर्ध्या भागातून, रात्री झाडाखाली झोपू नये, झाड विषारी वायू सोडते, अशी भीती तेवढी उरली. खरे तर हा दुसरा भाग म्हणजे वनस्पतींच्या श्वसनाचा शोध होता आणि त्याला पहिल्याइतकाच मान मिळायला हवा होता.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये आंत्वान लव्हाझिएने हाच विषय प्राण्यांच्या बाजूने हाती घेतला. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्याने आणि गणितज्ञ लाप्लासने एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळला हे मोजले आणि तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळून किती वितळतो याच्याशी ते ताडून पाहिले. आकडे जवळपास जुळले. श्वसन हे मंद ज्वलन आहे, हा निष्कर्ष तिथून आला. पुढे सेगँ या सहकाऱ्याला मुखवटा लावून माणसाच्या श्वसनावर प्रयोग झाले. त्यांची चित्रे लव्हाझिएची पत्नी मारी-आन हिने काढली आणि एका चित्रात टेबलाशी बसून नोंदी करणारी ती स्वतः आहे. विज्ञानाच्या इतिहासात सहायक म्हणून विसरल्या गेलेल्या कितीतरी स्त्रियांपैकी हिने निदान स्वतःला चित्रात ठेवले. ८ मे १७९४ रोजी राज्यक्रांतीच्या न्यायासनाने लव्हाझिएचा शिरच्छेद केला. हे ज्वलन फुप्फुसात होते असे त्याला वाटत होते. ते प्रत्यक्षात प्रत्येक जिवंत पेशीत होते, हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले.

पेशीत ते कसे होते, याचा उलगडा विसाव्या शतकाने केला. ग्लुकोजचा रेणू प्रथम पेशीद्रवात दुभंगतो. पुढचे काम पेशीतल्या तंतुकणिकेत चालते. हान्स क्रेब्स याने १९३७ मध्ये मांडलेल्या चक्रात कार्बन एकेक करून कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने बाहेर पडतो. निघालेले इलेक्ट्रॉन प्रथिनांच्या साखळीतून पुढे जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात आणि पाणी तयार होते. या प्रवासात जी ऊर्जा सुटते तिच्यातून पेशीचे ऊर्जेचे चलन असलेले एटीपी कसे घडते, हे पीटर मिचेलने १९६१ मध्ये सुचवले. त्याला १९७८ चे नोबेल मिळाले. ऑक्सिजनचे शरीरातले मुख्य काम एवढेच, साखळीच्या टोकाशी उभे राहून इलेक्ट्रॉन घेणे. तो घेणारा नसला तर साखळी तुंबते आणि मेंदूसारखा अवयव काही मिनिटांत मरू लागतो. आपल्या यकृताच्या पेशीत आणि तुळशीच्या मुळाच्या पेशीत हे यंत्र मूलतः एकच आहे. वनस्पतींच्या बाजूने या अभ्यासात एका भारतीयाचे नाव आदराने घ्यायला हवे. ओडिशाचे प्राणकृष्ण परिजा यांनी केंब्रिजला एफ. एफ. ब्लॅकमन यांच्याबरोबर सफरचंदांच्या श्वसनावर काम केले आणि १९२८ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे निबंध या शाखेच्या पायाभरणीत गणले जातात.

वनस्पतीच्या श्वसनाची ऊब हाताला लागते. मटकीला मोड आणताना फडक्याची पुरचुंडी उघडली की आतले दाणे कोमट लागतात. ती उष्णता श्वसनाची. कोकणात हापूस पेंढ्यात आढी घालून पिकवतात, त्या आढीत हात घातला की तीच ऊब जाणवते. कमळाने तर याची कमाल केली आहे. उमलण्याच्या दिवसांत भोवतालची हवा दहा अंशांपर्यंत उतरली तरी कमळाचे फूल स्वतःचे तापमान तीस ते पस्तीस अंशांच्या आसपास राखते, हे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मोजून दाखवले गेले. फूल थंडीत श्वसन वाढवते, उन्हात कमी करते. उष्ण रक्ताच्या प्राण्यांचे म्हणून आपण जे लक्षण मानतो, ते एका फुलात आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ : वायू पेशीपर्यंत पोहोचतो कसा? ऑक्सिजनला पेशीत ओढून नेणारा पंप कोणत्याही सजीवाकडे नाही. वायू जास्त दाटीच्या जागेकडून कमी दाटीच्या जागेकडे आपोआप जातो, याला विसरण म्हणतात, आणि पेशीत शिरण्याची शेवटची पायरी सर्वत्र विसरणाचीच असते. विसरण जवळच्या अंतरावर फार वेगवान आणि लांबच्या अंतरावर फार मंद. अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो, दहापट झाले तर शंभरपट. पाण्यातून मिलिमीटरचा शंभरावा भाग ओलांडायला ऑक्सिजनला सेकंदाचा छोटासा अंश पुरतो. एक सेंटिमीटर जायला त्याला कित्येक तास लागतात. पाण्यापेक्षा हवेतून मात्र तो सुमारे दहा हजारपट वेगाने पसरतो. या दोन गोष्टी ध्यानात धरल्या की सजीवांच्या शरीररचनेतले पुष्कळ काही उलगडते. पर्याय दोनच उरतात : शरीर पातळ ठेवून हवा थेट पेशींच्या दारापर्यंत आणणे, किंवा शरीर जाड असेल तर वायू वाहून नेणारा प्रवाह निर्माण करणे. वनस्पतींनी पहिला मार्ग धरला, आपण दुसरा.

पान पातळ असते ते त्यामुळेच. बहुतेक पानांची जाडी मिलिमीटरच्या काही दशांशांपलीकडे जात नाही, आणि आतल्या पेशी सैल रचलेल्या असतात, त्यांच्यामधून हवा खेळते. बाहेरून आत येण्याची दारे म्हणजे पर्णरंध्रे. पानाच्या खालच्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये ती साधारणपणे शंभर ते तीनशे असतात. प्रत्येक रंध्राच्या दोन्ही बाजूंना रक्षक पेशी असतात. त्यांच्यात पोटॅशियमचे आयन शिरले की मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगून बाकदार होतात आणि रंध्र उघडते. पाणी ओसरले की मिटते. उजेड, आतल्या कार्बन डायऑक्साइडची पातळी आणि मुळांना जाणवणारा कोरडेपणा या तिन्हींचा हिशेब या दोन पेशी करतात. पाणी कमी पडू लागले की ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक रंध्रे मिटवते.

हा हिशेब कठीण आहे, कारण कार्बन डायऑक्साइड आत येण्याचे दार आणि पाणी बाहेर जाण्याचे दार एकच. हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के, तो मिळवण्यासाठी रंध्र उघडले की ओल्या पानातून वाफ धावत सुटते. भात, गहू, तूर यांसारखी पिके कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे कित्येक शे रेणू गमावतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस यांच्या पानात कार्बन डायऑक्साइड एकवटून वापरण्याची वेगळी रासायनिक सोय आहे, म्हणून तेवढ्याच पाण्यात ती अधिक अन्न बनवतात. दुष्काळी पट्ट्याने ज्वारी-बाजरीला धरून ठेवले त्यामागे हे एक कारण आहे. निवडुंग, घायपात, अननस आणि पानफुटी यांनी आणखी पुढचा मार्ग काढला. त्यांची रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवला जातो आणि दिवसा दारे मिटून वापरला जातो. पानफुटीचे पान सकाळी आंबट लागते आणि दुपारपर्यंत ती चव जाते. भारतात काम करणाऱ्या बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही गोष्ट चाखून नोंदवली. तिचे रसायन कळायला पुढे शंभरावर वर्षे गेली.

पानाविषयी आपण बरेच ऐकतो, मुळाविषयी फार थोडे. मूळ अंधारात असते, अन्न तयार करत नाही, पण श्वसन जोरात करते, कारण क्षार आत घेण्याला ऊर्जा लागते. त्यासाठी लागणारा ऑक्सिजन त्याला मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून मिळतो. पाऊस लांबला आणि शेतात पाणी तुंबले की त्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरते, ऑक्सिजनची वाट हजारोपटींनी मंदावते आणि पाण्यात उभी असलेली तूर पिवळी पडून मरते. आपल्याकडचा शेतकरी पेरणीसाठी जमीन वाफशावर येण्याची वाट पाहतो. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे अशी अवस्था. मुळांच्या श्वसनाचे इतके अचूक ज्ञान रोजच्या कामात वापरणारा माणूस या विषयाचा जाणकारच आहे, असे मी मानतो.

मग कोकणातला भात गुडघाभर पाण्यात कसा वाढतो? भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या सलग पोकळ्या असतात. पानांकडचा ऑक्सिजन त्यांतून मुळांच्या टोकापर्यंत उतरतो. खाडीकाठच्या खारफुटीने हीच अडचण आणखी ठळकपणे सोडवली आहे. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी तिवराभोवती चिखलातून वर आलेली शेकडो बारीक उभी मुळे दिसतात. ती श्वसनमुळे. त्यांच्या सालीवरच्या वल्करंध्रांतून हवा आत शिरते आणि चिखलातल्या मुळांना पोहोचते. पेर शोलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये खारफुटीची वल्करंध्रे ग्रीसने बुजवून पाहिली, तेव्हा जमिनीखालच्या मुळांतला ऑक्सिजन झपाट्याने घसरला. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. तिलाही अशीच श्वसनमुळे असतात. खाडीत भराव टाकला की झाड उभेच दिसते, तोडल्याची खूण कुठेही नसते, पण श्वसनमुळे गाडली गेली की ते गुदमरून मरते. खारफुटीवरचा भराव म्हणजे तोडच, हे प्रत्येक नगर नियोजनकाराने लक्षात ठेवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपले शरीर जाड, उबदार आणि सतत हलणारे. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे दिवसाला ३६० लिटर. एवढा ऑक्सिजन त्वचेतून येणे अशक्य. म्हणून हवेला भिडणारा पृष्ठभाग आत दुमडून घेतला गेला. फुप्फुसांतल्या वायुकोशांची संख्या तीस ते पन्नास कोटींच्या घरात आहे आणि ते उलगडून पसरले तर क्षेत्रफळ सुमारे ७० चौरस मीटर, म्हणजे दोन-तीन खोल्यांच्या घराएवढे भरते. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतले रक्त यांच्यामधला पडदा अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीचा असतो. तांबडी पेशी या पडद्यालगत जेमतेम पाऊण सेकंद असते आणि निरोगी माणसात त्यातल्या पहिल्या तृतीयांशातच ऑक्सिजनची भरणी पूर्ण होते. फुप्फुस स्वतः ऑक्सिजन रक्तात ढकलते, असे ख्रिस्तियान बोर यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञाचेही मत होते. त्यांचेच शिष्य ऑगस्ट क्रोग यांनी पत्नी मारी यांच्यासह काटेकोर मोजमाप करून १९१० मध्ये दाखवून दिले की इथेही विसरणच काम करते. गुरूच्या मताविरुद्ध पुरावा मांडणे क्रोग यांना सोपे गेले नसणार. पण तो त्यांनी मांडला आणि तो टिकला.

पडदा ओलांडल्यावर प्रश्न येतो वाहतुकीचा. रक्तद्रवात ऑक्सिजन फार थोडा विरघळतो. तेवढ्यावर भागवायचे तर मिनिटाला पाच लिटर रक्त फिरवणारे हृदय जेमतेम १५ मिलिलिटर ऑक्सिजन पोहोचवू शकेल. हिमोग्लोबिनमुळे हा साठा साठ-सत्तरपट होतो. त्याचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू धरतो. पहिला धरला की पुढचे धरणे सोपे होते, आणि कामाने तापलेल्या, आम्ल वाढलेल्या स्नायूत तो ते चटकन सोडतो. कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत, घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आणि ९४ हा आकडा सर्वांच्या तोंडी बसला. त्या आकड्यामागे हिमोग्लोबिनचा हाच स्वभाव आहे. ९८ वरून ९४ पर्यंत उतरताना रक्तातला एकूण साठा फारसा घटत नाही, पण रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच खाली आलेला असतो. ९० च्या खाली उतार तीव्र होतो आणि थोड्याशा बिघाडाने रुग्ण खोल घसरतो. फुप्फुसाचा पडदा सुजला, पाण्याने भरला की अंतर वाढते आणि विसरण मंदावते. ते भरून काढायला मिनिटाला साठ लिटरपर्यंत ऑक्सिजनचा प्रवाह द्यावा लागे, म्हणून एप्रिल २०२१ मध्ये ऑक्सिजन भरून आणण्यासाठी कळंबोलीहून विशाखापट्टणमला टँकर रेल्वेने पाठवण्याची वेळ आली. त्या दिवसांत ज्यांनी आपली माणसे गमावली त्यांच्यासाठी पुस्तकातले त्याविषयीचे प्रकरण वाचणे जड जाईल. तरीही काय घडले हे समजून घेण्याचा त्यांचा हक्क आहे, म्हणून मी ते सविस्तर लिहिले आहे.

श्वास घेण्याची इच्छा ऑक्सिजन कमी झाल्याने होते, असे बहुतेकांना वाटते. निरोगी माणसात ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते, हे हाल्डेन आणि जे. जी. प्रिस्टली यांनी १९०५ मध्ये दाखवले. लंबमज्जेतली केंद्रे रक्ताची आम्लता पाहून श्वासाची गती ठरवतात. यातून जिवाशी गाठ असलेल्या दोन गोष्टी निघतात. पहिली विहिरीत पोहणाऱ्या मुलांसाठी. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड उतरतो, ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली श्वासाची ओढ लागण्याआधीच ऑक्सिजन संपून शुद्ध हरपू शकते. चांगला पोहणाराही असा बुडतो. दुसरी गोष्ट बंद जागांची. मैलाटाकीत, गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचा दर्प जास्त प्रमाणात नाकाला कळेनासा होतो आणि तो पेशीतल्या इलेक्ट्रॉन नेणाऱ्या त्याच साखळीचे शेवटचे टोक बंद पाडतो. एक उतरतो, कोसळतो, वाचवायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. माणसाला अशा टाकीत संरक्षणाविना उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी हे मृत्यू थांबलेले नाहीत आणि ते कोणत्या समाजातल्या माणसांच्या वाट्याला येतात हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. हे मृत्यू अपघात नव्हेत. टाळता येतील अशा मृत्यूंना आपण दिलेली ती संमती आहे. थंडीत बंद खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडीही अशीच गाफील गाठते. तिच्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो.

श्वसन समजले की बाजारही वेगळा दिसतो. उन्हाळ कांदा चाळीत सहा महिने टिकवायचा तर त्याचे श्वसन मंद ठेवायचे आणि त्यातून निघणारी उष्णता व वाफ बाहेर जाऊ द्यायची. म्हणून लासलगावच्या भोवतालची कांदाचाळ जमिनीपासून उंच असते आणि तिला तळाला व बाजूंना फटी ठेवतात. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. कांद्याचे घटलेले वजन म्हणजे काही प्रमाणात उडून गेलेले पाणी आणि काही प्रमाणात कांद्याने स्वतःच जाळलेली साखर. आंब्याची तऱ्हा निराळी. पिकताना त्याचे श्वसन एकदम उसळी घेते. केळी, पपई, सफरचंद यांचेही तसेच. शीतगृह, वायूंचे प्रमाण बदललेली कोठारे आणि निर्यातीच्या पेट्या या सर्वांमागे ही उसळी लांबवण्याची धडपड आहे.

काही समजुतींचा इथेच निरोप घेऊ. झोपण्याच्या खोलीत ठेवलेले रोप रात्री ऑक्सिजन घेते हे खरे, पण शेजारी झोपलेला माणूस त्याच्या कितीतरी पट घेतो. रोपाची भीती बाळगायचे कारण नाही. पिंपळ रात्री ऑक्सिजन सोडतो हे खरे नाही; ऑक्सिजन पाण्याच्या विघटनातून निघतो आणि त्याला प्रकाश लागतो. पिंपळ लावावा, जपावा, त्याच्यावर पक्षी जगतात आणि सावलीत माणसे बसतात, तेवढी कारणे पुरेशी आहेत. जंगले पृथ्वीची फुप्फुसे आहेत हे वाक्यही सांभाळून वापरावे. वनस्पती जेवढा कार्बन बांधतात त्यातला जवळपास निम्मा स्वतःच्या श्वसनात परत सोडतात. उरलेला बराचसा पालापाचोळा कुजवणारे जीव सोडतात. मुरलेले जंगल ऑक्सिजनची निव्वळ भर फारशी घालत नाही. ते मोलाचे आहे ते त्याच्या लाकडात आणि मातीत धरून ठेवलेल्या कार्बनसाठी, पाण्यासाठी आणि त्यात राहणाऱ्या जिवांसाठी.

श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण यांचा पृथ्वीच्या पातळीवरचा ताळेबंद हवाईच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून मोजला जातो. चार्ल्स कीलिंग यांनी सुरू केलेल्या त्या आलेखात कार्बन डायऑक्साइड दर वर्षी मे महिन्यापर्यंत चढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरतो. उत्तर गोलार्धातली पाने उन्हाळ्यात त्याला ओढून घेतात, हिवाळ्यात श्वसन आणि कुजणे वरचढ ठरते. पण हा चढउतार स्वतःच दर वर्षी वर सरकतो आहे. १९५८ मध्ये दशलक्षात सुमारे ३१५ भाग असलेला वायू आज ४२० च्या पुढे गेला आहे. यात आपल्या उच्छ्वासाचा दोष नाही. आपण सोडतो तो कार्बन अलीकडेच कोणत्या तरी पानाने हवेतून घेतलेला असतो. वाढ होते ती कोट्यवधी वर्षे जमिनीखाली राहिलेला कोळसा आणि तेल जाळल्यामुळे, शिवाय जंगले तोडल्यामुळे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात पेशी, दुसऱ्यात पान, खोड आणि मूळ, तिसऱ्यात फुप्फुस आणि रक्त, चौथ्यात शेत, कोठार, दवाखाना आणि वातावरण. ज्याला ज्यात रस असेल तिथून वाचावे, पण पहिला भाग वगळू नये. बाकीचे तीन त्याच्यावर उभे आहेत.

शिक्षकांना एक आग्रहाची विनंती. या विषयाला महाग उपकरणे लागत नाहीत. चुन्याची निवळी, मोड आलेली मटकी, थर्मास आणि थर्मामीटर एवढ्यात श्वसनाची दोन लक्षणे, कार्बन डायऑक्साइड आणि उष्णता, वर्गात दाखवता येतात. निवळीत मुलांना नळीने फुंकर घालू द्या. पाणी तोंडात ओढायचे नाही एवढे आधी बजावा. दुसरी निवळी आणि मोड आलेली मटकी एकाच बंद बरणीत शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही निवळ्या दुधाळ होतील. मग फळ्यावरच्या जुन्या तक्त्याकडे वळा. वनस्पतींच्या रकान्यात सर्वांत वर लिहा : श्वसन, ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, रात्रंदिवस. त्याच्याखाली, हिरव्या भागांत आणि उजेडात, प्रकाशसंश्लेषण. श्वसनाची ही एक ओळ मुलांच्या वहीत पोहोचली तर पुस्तक लिहिण्याचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.